मदत हवी आहे: बर्ड फ्लू नेहमीच्या फ्लूपेक्षा नेमका किती धोकादायक? आईला दमा आहे

नेरुळकर:

नमस्कार. थोडं लांबलचक होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझी आई सत्तरीची आहे. दम्याची जुनी पेशंट, त्यात डायबेटिस. आम्ही नेरुळला राहतो. आईचं माहेर उरण तालुक्यात, तिथे मामाकडे परसात गावठी कोंबड्या आहेत. आई परवाच तिकडे राहून आली. ती तिथे असतानाच मामाच्या बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या. तुरे निळसर पडले होते, दाणा टिपायच्या नाहीत, माना टाकून बसायच्या आणि सकाळी खुराड्यात मेलेल्या सापडायच्या. आईने मामीबरोबर खुराडं झाडून काढलं, मेलेल्या कोंबड्या हाताने उचलून दिल्या. तोंडाला फक्त पदर. तपासणी कुणी केलेली नाही, परसातच खड्डा करून पुरल्या. मामा म्हणतो मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) आली असेल, थंडीत येतेच.

मानमोडी असेलही. पण २०२५ च्या जानेवारीत उरणमध्येच चिरनेरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता, तेव्हापासून त्या भागात कोंबडी मेली की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की बर्ड फ्लू झालेल्या दर दोन माणसांतला एक मरतो. माझा भाऊ म्हणतो, "अगं, हा पण फ्लूच. साध्या फ्लूने दरवर्षी जगात लाखो माणसं मरतात, त्याची कुणी बातमी करत नाही." दोघांकडे आकडे आहेत आणि दोन्ही आकडे शोधले तर खरे निघतात. मग माणसाने घाबरायचं की नाही? आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं तर "ताप आला तर घेऊन या" एवढंच म्हणाले.

आईला आत्ता ताप नाही. खोकल्याची उबळ येते, पण ती तिला थंडीत नेहमीच येते. किती दिवस लक्ष ठेवायचं आणि नेमकं काय बघायचं? तिने फ्लूची लस कधी घेतलेली नाही, ती आता द्यावी का, आणि ती बर्ड फ्लूवर चालते का? घरात अंडी-चिकन बंद करायचं का? आणि बाबा रोज सकाळी टीएस चाणक्यच्या मागच्या पाणथळीवर फ्लेमिंगो बघायला जातात, तेही थांबवू का?

कृपया माहितगार लोकांनी सांगा. नुसतं "काही होत नाही" म्हणू नका, मला कारण समजून घ्यायचंय.

उरणवाला:

ताई, माझी छोटी पोल्ट्री आहे, म्हणून लिहितोय. माणसांच्या आजाराचं मला कळत नाही, कोंबड्यांचं कळतं. मानमोडीतही कोंबड्या अशाच पटापट मरतात, त्यामुळे नुसतं बघून कुणी सांगू शकत नाही. माझ्यासारख्या रोज कोंबड्यांत वावरणाऱ्यालाही नाही. ते लॅबच सांगणार.

मामांना आजच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करायला सांगा. आमच्याकडे लोक का कळवत नाहीत ते मला माहीत आहे. बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवतात. शेजारीपाजारी कळवणाऱ्यावरच चिडतात. पण भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे गप्प बसणाऱ्याच्या हातात शेवटी काहीच येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीत निघाला तेव्हा पोल्ट्रीवाल्याच्या शंभरेक कोंबड्या मेल्यावर नमुने गेले आणि लगेच बंदोबस्त झाला. लवकर कळलं की आवरता येतं.

उरलेल्या कोंबड्या मोकळ्या सोडू नका. खुराड्याजवळ पोरं नकोत. आणि मेलेली कोंबडी खाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, कावळे-कुत्री ती गावभर नेतात.

ठाणे_पूर्व:

ताई, माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली, आता निवृत्त आहे. आधी आईचं बोलू, आकडे नंतर.

कोंबड्यांशी शेवटचा संबंध आला त्या दिवसापासून दहा दिवस मोजा. लक्षणं बहुतेक वेळा दोन ते पाच दिवसांत दिसतात, कधी उशिरा. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. डोळे लाल होतात का बघा, या विषाणूत ते पुष्कळदा दिसलंय. ताप, लाल डोळे, किंवा नेहमीच्या दम्यापेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि मास्क लावून आत शिरतानाच सांगा की मेलेल्या कोंबड्या हाताळल्या होत्या. हे तुम्हालाच सांगावं लागेल, ओपीडीच्या गर्दीत कुणी विचारत नाही. ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तर सर्वांत उपयोगी पडतं. संपर्क जवळचा असेल तर लक्षणांआधीही देतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा. मेडिकलमधून आणून स्वतः सुरू करू नका. स्वॅब घेतला आणि रिपोर्टात "इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह" आलं, पण माणसांच्या नेहमीच्या फ्लूतला एच१ही नाही आणि एच३ही नाही असं दिसलं, तर तो नमुना पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला) गेलाच पाहिजे. आग्रह धरा.

आता तुमचे दोन आकडे. फॉरवर्डमधला आकडा असा आला: २००३ पासून जागतिक आरोग्य संघटनेकडे एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा मुख्य विषाणू, झालेल्या ९०० हून जास्त माणसांची नोंद आहे आणि त्यातली जवळपास निम्मी दगावली. भारतातला पहिला मृत्यू २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये नोंदला गेला, अकरा वर्षांचा मुलगा होता. भावाचा आकडाही त्याच संघटनेचा आहे. मोसमी फ्लू जगात वर्षाला साधारण १०० कोटी लोकांना होतो, ३० ते ५० लाख गंभीर होतात आणि २.९ ते ६.५ लाख लोक श्वसनाच्या त्रासाने मरतात.

फॉरवर्ड सांगतो की झालाच तर किती वाईट. भाऊ सांगतो की एकूण माणसं कशाने जास्त मरतात. हे दोन निराळे प्रश्न आहेत, म्हणून दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असतात.

त्यातही "निम्मे मरतात" या आकड्याच्या खाली कोण मोजलंय ते बघा. व्हिएतनाम, इंडोनेशिया, इजिप्त इथल्या खेड्यांतून जे लोक न्यूमोनिया होऊन मोठ्या इस्पितळापर्यंत पोचले, त्यांचीच मुख्यतः तपासणी झाली. ज्याला दोन दिवस कणकण येऊन गेली तो मोजलाच गेला नाही. नुसत्या ट्रॉमा वॉर्डात बसून रस्त्यावरच्या अपघातांचा हिशेब मांडला तर प्रत्येक अपघात जीवघेणाच वाटेल. उलट २०२४ पासून अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये हाच विषाणू शिरला आणि गोठ्यांत आणि पोल्ट्रीत काम करणाऱ्यांवर मुद्दाम लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा सत्तरच्या आसपास रुग्ण सापडले. बहुतेकांना डोळे येण्यापलीकडे फार काही झालं नाही. तिथला पहिला मृत्यू जानेवारी २०२५ मध्ये झाला. विषाणूचा प्रकार थोडा वेगळा, दुधातून झालेला संसर्ग वेगळा, हेही त्यात आहे, पण शोधून मोजलं की आकडा खाली येतो हे दिसतं. कोविडच्या सुरुवातीला डायमंड प्रिन्सेस जहाजावर ७१२ जणांना लागण निघाली, त्यातल्या जवळपास निम्म्यांना तपासणीच्या वेळी एकही लक्षण नव्हतं. सगळ्यांना तपासलं म्हणून ते कळलं.

पण नव्या साथीतला पहिला आकडा नेहमी फुगलेलाच असतो असं धरून बसू नका. माझा स्वभाव यात काळजीचाच आहे. २००९ मध्ये स्वाईन फ्लू आला तेव्हा मेक्सिकोहून येणाऱ्या बातम्या भयंकर होत्या, पुण्यात ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू झाला आणि मास्कसाठी दुकानांपुढे रांगा लागल्या. नंतर कळलं की मृत्यूचं प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी होतं. तोच विषाणू आज मोसमी फ्लूमध्ये मोडतो. २००३ च्या सार्सचं (कोविडच्याच कुळातला श्वसनाचा आजार) मात्र उलटं झालं. आधी चारेक टक्के वाटत होते, कारण बरेच रुग्ण तेव्हा इस्पितळात पडून होते, बरेही झाले नव्हते आणि गेलेही नव्हते. शेवटी ८,०९८ रुग्णांत ७७४ मृत्यू निघाले, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या वर.

एच५एन१ इतका मारक असूनही पसरत का नाही, ते समजलं की तुमची भीती योग्य जागी बसेल. फ्लूचा विषाणू पेशीवरच्या एका साखरेला चिकटतो. पक्ष्यांच्या फ्लूला हवी तशी साखर माणसाच्या नाका-घशात फारशी नसते, ती फुप्फुसाच्या अगदी खोल भागात असते, आणि डोळ्यांत. म्हणून तो पोचायलाच अवघड. पोचला तर थेट खोल न्यूमोनिया. आणि खोलवर असल्यामुळे खोकल्या-शिंकेतून दुसऱ्याला सहज लागत नाही. माणसाकडून माणसाला असा सतत पसरलेला तो आजवर दिसलेला नाही. मोसमी फ्लूचं घर नाकाघशातच, म्हणून एकाच डब्यातून प्रवास करणाऱ्यांना तो सहज लागतो.

शास्त्रज्ञांना चिंता आहे ती हे बदलण्याची. एकाच माणसाला एका वेळी दोन्ही फ्लू झाले तर त्यांच्या जनुकांची सरमिसळ होऊ शकते. १९५७ आणि १९६८ च्या साथी पक्ष्यांच्या आणि माणसांच्या फ्लूच्या अशाच मिश्रणातून आल्या होत्या.

लसीचं उत्तर यातच आहे. नेहमीची फ्लूची लस बर्ड फ्लू अडवत नाही. तरी आईला ती द्याच, कारण या वयात दमा आणि डायबेटिस असताना आज तिच्या जिवाला खरा धोका साध्या फ्लूचा आहे. मामा-मामींनीही घ्यावी, कोंबड्यांत वावरणाऱ्यांना दोन्ही फ्लू एकदम होऊ नयेत म्हणून. नीट शिजवलेलं चिकन आणि घट्ट उकडलेली अंडी खुशाल खा, ७० अंशांवर विषाणू टिकत नाही. हाफ फ्राय नको. कच्चं चिकन धुताना सिंकभर उडणाऱ्या पाण्याची काळजी जास्त घ्या. बाबांना फिरू द्या, लांबून बघण्यात काही नाही. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नये, महापालिकेला किंवा वनखात्याला कळवावं.

नेरुळकर:

काका, उरणवाले दादा, दोघांचे मनापासून आभार. पहिल्यांदाच कुणी कारणासकट सांगितलं. मामाला फोन केला. आधी "गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही" म्हणाला, मग मी भरपाईचं सांगितलं आणि मामीने फोन हातात घेतला. तिनेच दवाखान्यात कळवलं. आज माणसं येऊन उरलेल्या कोंबड्यांचे नमुने घेऊन गेली, रिपोर्ट यायचाय. आईचा ताप मोजतेय, वही केलीय, अजून सगळं नॉर्मल.

दोन गोष्टी राहिल्या. लस आत्ताच द्यावी की पावसाळ्याआधी? आणि आई रात्री नेब्युलायझर घेते, माझा मुलगा त्याच खोलीत झोपतो. चालेल का?

ठाणे_पूर्व:

मामींना माझा नमस्कार सांगा.

आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर जुलै ते सप्टेंबर असतो, म्हणून एरवी एप्रिल-मे ही लसीची चांगली वेळ. पण जानेवारी ते मार्चमध्येही एक छोटी लाट येते आणि आईने कधीच घेतलेली नाही, तर मी थांबणार नाही. हे दहा दिवस ताप न येता गेले की डॉक्टरांना विचारून द्या. लसीचं संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. पुढच्या वर्षीपासून पावसाळ्याआधीची वेळ धरा.

नेब्युलायझर बंद करू नका, दमा बिघडला तर तेच जास्त महागात पडेल. पण हे दहा दिवस मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवा. नेब्युलायझर चालू असताना दार लावा, खिडकी उघडी ठेवा आणि मास्कचा भाग रोज साबणाने धुऊन वाळवा.

रिपोर्ट आला की इथे नक्की लिहा. आणि एक विचारायचं राहिलं: मामाकडे मांजर आहे का? नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरअखेर तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. मांजरकुळाला तो फार लवकर लागतो. असेल तर रिपोर्ट येईपर्यंत तिला घरात, त्या परसापासून लांब ठेवा, कच्चं मांस देऊ नका आणि कुणाच्या मांडीवर तर अजिबात नको.