चर्चा: जुने ब्लूज गायक 'मनातलेच' गात होते का?

सुईकाटा:
"मिसिसिपीच्या डेल्टा भागातले जुने गायक केवळ अंतरीचे दुःख गात, बाजारूपणा शिकागोत विजेच्या गिटारीबरोबर शिरला," असे ब्लूज या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताबद्दल येथे एकाने ठासून लिहिले आहे, ते वाचून गप्प राहवले नाही. 1941-42 मध्ये अभ्यासकांनी मिसिसिपीतील स्टोव्हॉलच्या मळ्यावर, पुढे शिकागोत गाजलेले ब्लूज गायक मडी वॉटर्स यांना येणाऱ्या गाण्यांची यादी केली, तिच्यात जीन ऑट्री या गोऱ्या चित्रपटगायकाची काउबॉय गाणीही होती. डेल्टातलेच गायक रॉबर्ट जॉन्सन यांच्याबरोबर भटकलेले गायक जॉनी शाइन्स सांगत, की जॉन्सन पोल्का या युरोपीय नाचाच्या चालींपासून लोकप्रिय गायक बिंग क्रॉस्बींच्या गाण्यांपर्यंत सारे काही वाजवत. तबकड्यांवर मात्र 1936 आणि 1937 मधील 29 गाणी उरली आणि ती बहुतेक ब्लूजच आहेत, कारण कृष्णवर्णीय गायकाकडून कंपन्यांना 'रेस रेकॉर्ड'साठी, म्हणजे कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या तबकड्यांसाठी, तेवढाच माल हवा होता. आपण ज्याला अस्सल म्हणतो, ती कंपन्यांनी केलेली निवड आहे.

अनवट:
डेल्टातले गायक सन हाउस यांनी 1930 मध्ये पॅरामाउंट या तबकडी कंपनीसाठी केलेल्या तबकड्या खपल्या नाहीत, तरी 1941 साली लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्यापुढे ते त्याच तिडिकीने गायले. ज्या गाण्याला गिऱ्हाईकच नव्हते, ते गिऱ्हाइकाने घडवले असे आपण कोणत्या तोंडाने म्हणता?

चौथी तार:
त्याच सन हाउस यांचा 1964 मध्ये पुन्हा शोध लागला तेव्हा त्यांचे वाजवणे केव्हाच सुटले होते, आणि ॲलन विल्सन या तरुण चाहत्याने समोर बसून त्यांचीच जुनी गाणी त्यांच्याकडून पुन्हा बसवून घेतली, कारण नव्या श्रोत्यांना 1930 सालचाच गायक हवा होता.

खरे दुखणे मात्र स्वामित्वहक्काचे आहे. व्हिक्टर या तबकडी कंपनीसाठी 1927 मध्ये अमेरिकेतील ब्रिस्टल येथे ध्वनिमुद्रण करणारे राल्फ पीअर यांची कमाई गाण्यांच्या प्रकाशनहक्कांतून होती. त्यामुळे त्यांना नव्याने नोंदवता येतील अशीच गाणी हवी असत. मग त्यांच्यासाठी गाणारे डोंगरी भागातले गोरे लोकगायक ए. पी. कार्टर गावोगाव गाणी गोळा करत फिरले. चाली लक्षात ठेवायला लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक बरोबर असत, आणि हक्क नोंदले गेले कार्टर यांच्या नावावर. याला चोरी म्हणतात.

अनवट:
चोरी हा शब्द मागे घ्या. कार्टर फिरले नसते, तर त्यांतली कित्येक गाणी त्या डोंगरांतच विरली असती.

चौथी तार:
मागे घेणार नाही. गाणी वाचवली म्हणून वाचवणारा त्यांचा मालक होत नाही, आणि रिडल यांचे नाव तबकडीवर छापायला कोणाचा हात धरला होता?

मुक्काम पुणे:
भांडण थोडे बाजूला ठेवा. मी येथील एका उपाहारगृहात दर शनिवारी ब्लूज वाजवत असे. मालकांनी सुरुवातीलाच बजावले होते, की संथ गाणी नकोत, टाळ्या पडतील तीच ठरावीक गाणी फिरवून फिरवून वाजवा. काही काळाने माझ्या बोटांत तेवढीच उरली. आवडत्या संथ गाण्यांचे शब्दसुद्धा आठवेनात. मागणीने गायक बदलत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा मानधन घेऊन वाजवून पाहावे.

अनवट:
बाजार यादी ठरवतो, इतके नाइलाजाने मान्य करतो. गळा ठरवत नाही, यावर मी ठाम आहे.

सुईकाटा:
गळ्याचा मुद्दा सोडून देतो, पण वाद्याचे काय? मडी वॉटर्स 1958 मध्ये विजेची गिटार घेऊन इंग्लंडला गेले, तेव्हा ती कानठळ्या बसवते अशी टीका झाली. म्हणून 1963 मध्ये ते साधी गिटार घेऊन गेले, तर एव्हाना श्रोत्यांना विजेचीच हवी होती. दुसऱ्या दौऱ्यातली ती साधी गिटार त्यांच्या मनाने निवडली होती की तिकीट काढणाऱ्यांनी, एवढेच आपण सांगावे.