जुन्या लॅपटॉपसाठी उबुंटू की मिंट?
४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकावे की लिनक्स मिंट (दोन्ही विंडोजसारख्या, पण मोफत संगणक-प्रणाली), या प्रश्नावर माझा कौल मिंटच्या एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपच्या (म्हणजे खिडक्या-मेनूंच्या मांडणीच्या) आवृत्तीला आहे, कारण उबुंटूचा गनोम डेस्कटॉप एवढ्या रॅममध्ये ब्राउझर उघडताच जड वाटू लागतो. मिंटचा पाया उबुंटूच्याच दीर्घकालीन आवृत्तीचा असल्याने २०२४ साली आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा-अद्यतने मिळणार आहेत. मात्र हार्ड डिस्कला हात लावण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ सत्र (म्हणजे काहीही न बसवता चालणारी प्रणाली) सुरू करून वायफाय, आवाज आणि प्रिंटर नीट चालतात का, हे अवश्य पाहावे. टर्मिनलला (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीला) तर मुळीच बिचकू नये: ‘सुडो एपीटी अपडेट’ ही आज्ञा केवळ पॅकेजांची (म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची) यादी ताजी करते आणि ‘सुडो एपीटी अपग्रेड’ बसवलेली पॅकेजे प्रत्यक्ष नव्या आवृत्तीने बदलते, एवढे समजले तरी सुरुवातीला पुष्कळ आहे.