बीसीजीचा व्रण आहे, तरी बाळाला टीबीचं औषध कशाला?

चोपड्याची सून:
आमच्या आबांना (सासरे) मागच्या आठवड्यात टीबी निघाला. शुगर दहा वर्षांपासून आहेच. माझा आठ महिन्यांचा पोरगा दिवसभर त्यांच्याच मांडीवर. आशाताई म्हणाल्या, त्याला तपासून, टीबी होऊ नये म्हणून सहा महिने औषध द्यावं लागेल. जाऊबाई म्हणतात, दंडावर बीसीजीचा व्रण आहे, काही होत नाही. कोणाचं ऐकू? रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

लॅबवाले आप्पा, शिरपूर:
ताई, आशाताईंचंच ऐका. तेवीस वर्षं बेडक्याच्या स्लाइड बघतोय. लाल रंग टाकून स्लाइड तापवतो, मग ॲसिडने धुतो. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, टीबीच्या जंतूचा नाही. निळ्या पटावर बारीक लाल काड्या तेवढ्या उरतात, कारण अंगावर मेणासारखं कवच. तेच कवच त्याला छातीतही वाचवतं. फुप्फुसातल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण पचवता येत नाही. तो त्यांच्याच पोटात वाढतो. टी पेशी (रक्तातल्या पांढऱ्या लढाऊ पेशी) येऊन इंटरफेरॉन गॅमा नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडतात, तेव्हा कुठे भक्षक पेशींना जोर चढतो. मग सगळ्या मिळून जंतूभोवती गाठ बांधतात. आत तो वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतो. शुगर वाढली की ही पकड ढिली पडते.

बीसीजी लस म्हणजे गुरांच्या टीबीचा जिवंत, पण कमजोर केलेला जंतू. दंडावर आधी फोड, मग पू, मग खपली, ही या पेशींची तालीम. मेंदूच्या टीबीपासून लेकरांना तिचा मोठा आधार आहे, तिला मी कधीच कमी लेखणार नाही. पण तमिळनाडूत चेंगलपट्टूला 1968 साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं, की मोठ्यांच्या फुप्फुसाचा टीबी तिने थांबला नाही. आणि तान्ह्या बाळाच्या पेशी अजून कच्च्या. घरातच रुग्ण असताना व्रणावर विसंबू नका.

नंदुरबारची आजी:
आमच्या नातीला व्रणच उठला नाही. पुन्हा टोचावी का?

लॅबवाले आप्पा, शिरपूर:
नाही आजी. व्रण नाही म्हणजे पेशी शिकल्या नाहीत, असं नसतं. ताई, बाळाला टीबी झालेला नाही याची डॉक्टर आधी खात्री करतील, मगच ते औषध. आबांना मास्क द्या, खिडक्या उघड्या ठेवा.

चोपड्याची सून:
उद्या सकाळच्या एसटीने नेते. मागच्या महिन्यात वजन साडेसात किलो होतं, या महिन्यातही तेवढंच. हे सांगू का?

लॅबवाले आप्पा, शिरपूर:
सगळ्यात आधी तेच सांगा.