मदत हवी आहे: तंबू हटवल्यावर उचललेलं सामान कसं सोडवायचं?

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बेघरांसोबत काम करणारं कुणी आहे का इथे?

२८ जून २०२४ च्या ग्रँट्स पास निकालानंतर (ओरेगनमधल्या त्या शहराच्या खटल्यातला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल) उघड्यावर झोपल्याच्या दंडाला क्रूर शिक्षेला मनाई करणाऱ्या आठव्या घटनादुरुस्तीची ढाल उरली नाही. पण सामानाचा हक्क शाबूत आहे: राज्याच्या कायद्यानुसार सहसा ७२ तास आधी नोटीस, आणि उचललेलं सामान किमान ३० दिवस सांभाळणं. अडतं ते इथे की ओलं, मळलेलं सामान अस्वच्छ ठरवून लगेच फेकता येतं. त्याच भिजलेल्या स्लीपिंग बॅगेत ओळखपत्रं आणि औषधं गुंडाळलेली असतात! ती वेगळ्या, नाव लिहिलेल्या पारदर्शक पिशवीत ठेवून फोटो काढला तर पुरतो का? सामान सोडवताना ओळखपत्र मागितलं आणि ते त्याच सामानात असलं, तर मालकी कशी पटवायची?