जिनिंगच्या काट्यावरचा प्रोग्राम मेमरी खात चाललाय. लीक (घेतलेली मेमरी न सोडणं) लायब्ररीत आहे की माझ्या कोडमध्ये? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यासाठी मी लिहिलेला प्रोग्राम दिवाळीपासून चालू आहे. कापसाची गाडी काट्यावर चढते, इंडिकेटरकडून सिरियल केबलने वजन येतं, कॅमेरा फोटो काढतो, भरल्या गाडीची नोंद होते. माल खाली करून गाडी परत आली की रिकामं वजन, दुसरा फोटो आणि निव्वळ वजनाची पावती. मशीन ४ जीबी रॅमचं, उबुंटू २२.०४. प्रोग्राम सी भाषेत, जीटीके ३ ही स्क्रीनवर खिडक्या-बटणं दाखवणारी तयार लायब्ररी वापरून.

चालू केल्यावर मेमरी ८० एमबीच्या आसपास असते. सध्या दिवसाला २५०-३०० गाड्या होतात आणि संध्याकाळी आकडा ६०० एमबीला टेकतो. रात्री मशीन बंद करत नाहीत, त्यामुळे पाचव्या-सहाव्या दिवशी स्वॅप (रॅम पुरेना म्हणून डिस्क वापरणं) सुरू होतो आणि सगळं रखडतं.

परवा तेच झालं. पारोळ्याकडची ट्रॉली काट्यावर उभी, बटण दाबलं आणि स्क्रीन जागच्या जागी थिजला. काटेवाल्याचा फोन आला, "भाऊ, कंप्युटर बंद पडी गयं." परत चालू होईपर्यंत गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. ट्रॉलीवाल्याला पुन्हा काट्यावर यायला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "मघाशी किती भरलं होतं?" नोंदच झाली नव्हती, त्यामुळे कोणालाच सांगता आलं नाही. त्या माणसाचं वर्षभराचं पीक त्या ट्रॉलीत होतं. त्याच्या मनात काट्याबद्दल शंका येईल असं माझ्या प्रोग्राममुळे पुन्हा घडायला नको, म्हणून हा धागा.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. आधी वाटलं की हा आकडाच फसवा असेल, कारण शेअर्ड लायब्ररीची पानं (मेमरीचे तुकडे) ती वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या आरएसएसमध्ये, म्हणजे त्याच्या नावावर दिसणाऱ्या रॅमच्या आकड्यात, पूर्ण धरली जातात. म्हणून लिनक्सच्या स्मॅप्स-रोलअप फाइलमधला पीएसएस हा दुसरा आकडा पाहिला, त्यात ती पानं वाटून धरलेली असतात. तोही तसाच चढतोय आणि वाढ सगळी 'प्रायव्हेट डर्टी'मध्ये (फक्त माझ्या प्रोग्रामने वापरलेल्या मेमरीत) आहे. म्हणजे वाढ खरी आहे.

मग व्हॅलग्राइंड, म्हणजे न सोडलेली मेमरी शोधणारं साधन. त्याखाली प्रोग्राम १० ते ३० पट हळू चालतो, त्यामुळे काट्यावर लावणं शक्य नव्हतं. घरी एका छोट्या स्क्रिप्टने खोटी वजनं पाठवली, जुने फोटो दिले आणि ५ गाड्या 'तोलल्या'. हजारो ओळी आल्या. 'स्टिल रीचेबल'मध्ये (सोडली नाही, पण पत्ता अजून हाताशी) फॉन्टकॉन्फिग आणि जीलिब या लायब्रऱ्यांची गर्दी आहे. 'पॉसिबली लॉस्ट' (कदाचित हरवलेली) ही भरपूर. 'डेफिनिटली लॉस्ट' (नक्की हरवलेली) जेमतेम १ केबी. 'इनडायरेक्टली लॉस्ट' (हरवलेल्या वस्तूसोबत गेलेली) मात्र ९ एमबी, आणि त्याची सविस्तर नोंद मला कुठेच सापडली नाही. प्रत्येक कॉल-स्टॅकमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत) जीलिब, जीऑब्जेक्ट, पिक्सबफ ही लायब्ररीचीच नावं, माझं एकही फंक्शन नाही.

एका मित्राचं म्हणणं, लीक लायब्ररीत आहे, तू रोज रात्री रिस्टार्ट लाव आणि मोकळा हो. मला ते पटत नाही. हीच लायब्ररी इतके लोक वापरतात, त्यांचे प्रोग्राम आठवडाभर चालतात की. या अहवालातलं काय सोडून द्यायचं आणि काय धरायचं? आणि दोष लायब्ररीचा की माझा, हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद

भाऊ, रिस्टार्टचा सल्ला नाकारलास हे बरं केलंस.

'स्टिल रीचेबल' आत्ता बाजूला ठेव. फॉन्टकॉन्फिग फॉन्टची यादी एकदाच बनवून जपतं, जीलिब टाइपची नोंदणी एकदाच करतं, आणि प्रोग्राम संपेपर्यंत ते सोडत नाहीत. ते वाढत नाही. जीलिबसोबत व्हॅलग्राइंडसाठी सप्रेशनची (नेहमीच्या ओळी गाळायची) फाइल येते ती त्याला दे, बराचसा कचरा गाळला जाईल.

तुझं फंक्शन दिसत नाही याचं कारण साधं आहे. व्हॅलग्राइंड मुळात स्टॅकच्या १२ च फ्रेम (पायऱ्या) दाखवतो आणि जीऑब्जेक्टमधून वर यायलाच तेवढ्या लागतात. नम-कॉलर्स हा त्याचा पर्याय ४० कर. लायब्ररीची डीबग सिम्बॉल्सही टाकून घे, म्हणजे प्रश्नचिन्हांच्या जागी नावं येतील.

आता ते ९ एमबी. 'इनडायरेक्ट'च्या वेगळ्या नोंदी तो आपणहून छापत नाही. ज्या हरवलेल्या ऑब्जेक्टच्या पोटात ती मेमरी आहे त्याच्याच ओळीत 'इतके डायरेक्ट, इतके इनडायरेक्ट' असं लिहितो. तुझ्या त्या १ केबीच्या ओळी नीट वाच.

आणि एकच चाचणी करू नकोस. एकदा ५ गाड्या, एकदा ५० गाड्या. जो आकडा तेवढाच राहिला तो एकदाचा खर्च. जो दहापट झाला ती गळती.

दोष कोणाचा याचं उत्तर स्टॅकच्या वरच्या टोकाला मिळत नाही. मेमरी लायब्ररीने घेतली म्हणून ती सोडायची जबाबदारी तिचीच असं नाही. प्रत्येक फंक्शनच्या माहितीत 'ट्रान्सफर फुल' की 'ट्रान्सफर नन' हे लिहिलेलं असतं. फुल असेल तर ती वस्तू तुझी झाली, सोडायचीही तूच. फोटो कुठल्या फंक्शनने उघडतोस?

धागाकर्ता

सापडलं! ५ गाड्यांना म्हणजे १० फोटोंना ९२,१६,००० बाइट इनडायरेक्ट, ५० गाड्यांना बरोबर दहापट. भागाकार केला तर फोटोमागे ९,२१,६००, म्हणजे ६४० गुणिले ४८० गुणिले ३ (रुंदी, उंची आणि दर बिंदूला ३ बाइट). माझ्या कॅमेऱ्याचा अख्खा फोटो. हा आकडा जुळला तेव्हा अंगावर काटा आला.

४० फ्रेम दिल्यावर खालच्या टोकाला माझंच फोटो_दाखव फंक्शन उभं होतं. मी जीडीके_पिक्सबफ_न्यू_फ्रॉम_फाइलने फोटो उघडून जीटीके_इमेज_सेट_फ्रॉम_पिक्सबफला देत होतो आणि समजत होतो की आता तो त्या विजेटचा (स्क्रीनवरच्या फोटोच्या चौकटीचा) झाला. विजेट स्वतःचा वेगळा रेफरन्स (वस्तूवरचा हक्क) धरतं, माझा मला सोडावा लागतो. त्याखाली जी_ऑब्जेक्ट_अनरेफची एक ओळ हवी होती. मग त्याच नजरेने बाकीचा कोड चाळला, तर पावती छापताना बनवलेला पँगो लेआउटही (मजकुराची मांडणी) सोडत नव्हतो. 'पॉसिबली लॉस्ट'मधल्या ज्या ओळी राहिल्या त्या दोन्ही चाचण्यांत तेवढ्याच आहेत, म्हणून त्यांना हात लावला नाही.

काल सकाळी नवीन बिल्ड काट्यावर टाकला. संध्याकाळी काटेवाल्याकडून आकडा मागवला, २६४ गाड्यांनंतर ९१ एमबी. आणि भरल्या गाडीचं वजन आता बटण दाबताक्षणी डिस्कवर जातं, फोटो त्यानंतर.