हॅरी पॉटर, मार्व्हल आणि मोठी माणसे: न आवडण्याचा खुलासा करावा लागावा का?

अर्धविराम (धागालेखक)

चाळिशी-पन्नाशीतली वाचणारी, विचार करणारी माणसे एकत्र जमली की बोलणे थोड्याच वेळात आपण हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेतल्या कोणत्या गृहात शोभलो असतो किंवा मार्व्हलच्या पुढच्या अतिमानवी नायकांच्या चित्रपटात कोण परत येणार, यावर येऊन ठेपते, असा अनुभव मला गेली काही वर्षे वारंवार येतो आहे. मला त्यात रस नाही. पॉटर मालिकेचा पहिला भाग मी वाचला, तो वाईट वाटला नाही, पण दुसरा हाती घ्यावासा वाटला नाही. हे सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर कीव उमटते, जणू माझ्यातले मूल कधीच मरून गेले आहे. नाट्यसंगीत आवडत नाही म्हणणाऱ्याला आज कोणी जाब विचारत नाही. या बाबतीत मात्र खुलासा द्यावा लागतो.

हे नेहमीच असे नव्हते. 1998 मध्ये ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेने पॉटरच्या पहिल्या भागाची मोठ्यांसाठी निराळी आवृत्ती काढली. मुलांच्या आवृत्तीवर रंगीत चित्र होते आणि या आवृत्तीवर वाफेच्या इंजिनाचे कृष्णधवल छायाचित्र. आतला मजकूर तोच. आगगाडीच्या डब्यात मुलांचे पुस्तक उघडताना मोठ्या माणसाला संकोच वाटेल, हे तेव्हा प्रकाशकाने गृहीत धरले होते. तो संकोच नाहीसा झाला याचा मला आनंदच आहे. पण आता तो पक्ष बदलून न वाचणाऱ्याच्या वाट्याला आला आहे, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

मोठ्या माणसांच्या या प्रेमात बाजाराचा हात किती, हेही पाहायला हवे. डिस्नेने 2009 मध्ये मार्व्हल आणि 2012 मध्ये ‘स्टार वॉर्स’ची लुकासफिल्म विकत घेतली, ती या कथा संपाव्यात म्हणून नव्हे. 2019 चा ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ हा मार्व्हलच्या मालिकेतला बाविसावा चित्रपट होता, आणि आधीचे पुष्कळसे पाहिल्याशिवाय तो नीट कळत नव्हता. गोष्ट संपणे ही गोष्टीची पहिली अट आहे असे मी मानतो. जी संपूच नये अशा बेताने रचली जाते, ती आपल्या रसिकतेपेक्षा आपल्या सवयीवर जगते, आणि अशा सवयीला मुलाचे कुतूहल म्हणणे मला मुलांवरही अन्याय करणारे वाटते.

पैलतीर

आपली कीव केली जाऊ नये, हे मान्य. परंतु आपल्या लिखाणात दोन वेगळ्या वस्तू एकाच तागडीत घातल्या गेल्या आहेत. मुलांसाठीचे साहित्य ही एक, आणि कंपनीच्या मालकीची अखंड चित्रपटमालिका ही दुसरी. दुसरीवरचा राग पहिलीवर काढू नये, कारण मोठ्यांनी ‘मुलांच्या’ गोष्टी वाचणे ही अलीकडची फॅशन नाही. त्या गोष्टी मुलांच्या ठरवल्या गेल्या, हीच तुलनेने अलीकडची घटना आहे.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्किन यांनी 1939 मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले होते. मोठ्यांना नकोसे झालेले जुने लाकडी सामान जसे मुलांच्या खोलीत ढकलले जाते, तशा परीकथा मुलांकडे गेल्या. मुलांनी त्या निवडल्या नव्हत्या, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्याकडे तर याचा पुरावा घराघरात आहे. वेताळाच्या कथा अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त गुंफल्या, त्या मुलांसाठी नव्हेत. देवीच्या देवळात तुटलेली दोन मस्तके घाईत अदलाबदल होऊन जोडली जातात आणि त्या स्त्रीचा नवरा आता कोणता, असे वेताळ विचारतो. हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला जेवढा चक्रावतो, त्याहून अधिक लग्न झालेल्या माणसाला चक्रावतो.

‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी ती 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आज आपण ती शाळकरी मुलांच्या हातात देतो आणि मोकळे होतो. पण त्या पुस्तकात श्याम रात्री ज्यांना आठवणी सांगतो, ते आश्रमातले त्याचे सोबती आहेत, आपापली दुःखे सोबत घेऊन आलेली मोठी माणसे आहेत. आईने केलेला हट्टाचा बंदोबस्त मुलाला एका रीतीने कळतो, आणि स्वतः आई-बाप झालेल्याला सर्वस्वी निराळ्या रीतीने कळतो. कर्जापायी घर जाताना त्या बाईने काय सोसले असेल, हे मला पंचविशीनंतर कळले, आणि त्यासाठी ते पुस्तक मोठेपणी पुन्हा उघडावे लागले.

न संपणाऱ्या गोष्टीविषयी एवढेच म्हणतो, की ‘चांदोबा’ आठवावा. मूळ वेताळकथा पंचविसाव्या गोष्टीशी थांबतात, कारण अखेरच्या प्रश्नाला राजाकडे उत्तर नसते आणि तो मुकाट चालत राहतो. ‘चांदोबा’ने मात्र ती चौकट ठेवून नव्या गोष्टी रचल्या आणि वेताळाला कितीतरी दशके झाडावर परत पाठवले. शंकर यांच्या चित्रातला, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम महिन्यामागून महिने तीच वाट चालत होता. घरात तो अंक आला की आधी कोणी वाचायचा यावरून वडील आणि मुले यांच्यात ओढाताण होई. ही मालिका आपल्या व्याख्येत सवय ठरते की रसिकता?

सांजवात

पैलतीर यांनी दिलेली उदाहरणे उत्तम आहेत, पण ती सगळी निवडक आहेत. ‘श्यामची आई’ मोठ्यांना पुरते, म्हणून मुलांसाठी लिहिलेले सगळेच मोठ्यांना पुरेल असे सिद्ध होत नाही. इंग्रज कादंबरीकार ए. एस. बायट यांनी 2003 मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये मोठ्यांच्या पॉटरवेडावर कठोर लेख लिहिला होता. त्यांच्यावर तेव्हा मत्सराचा आरोप झाला. त्यांच्या मुद्द्याला उत्तर फारसे कोणी दिले नाही. मुलांची पुस्तके मोठे वाचतात यावर त्यांचा आक्षेप नव्हताच. स्वतः टोल्किन आवडीने वाचणाऱ्या त्या लेखिका होत्या. पॉटरचे हे विशिष्ट जग उसन्या साहित्यावर उभे आहे, आणि मोठा वाचक त्यात खऱ्या गूढाऐवजी दिलासा शोधतो आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

दिलासा वाईट नसतो, आजारपणात किंवा परीक्षेच्या दिवसांत मीही तो शोधते. पण ज्या वयात आपल्याला वृद्ध आई-वडिलांची शुश्रूषा, स्वतःची अपुरी राहिलेली कामे आणि मृत्यू यांच्याशी सामना करायचा असतो, त्या वयात वाचनाचा मोठा हिस्सा जर चांगले-वाईट पहिल्याच प्रकरणात स्पष्ट होणाऱ्या कथांनी व्यापला, तर त्या अनुभवांसाठी शब्द कुठून मिळणार? जी. ए. कुलकर्णी वाचायला धीर लागतो. तो धीर वापरला नाही तर उरत नाही.

कोनाडा

एका सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग मी सांभाळते. वरच्या चर्चेत दोन्ही पक्ष मोठ्या माणसांच्या सुखाविषयी आणि पक्वतेविषयी बोलत आहेत, पण मोठ्यांच्या उदासीनतेचा फटका ज्यांना बसतो त्या मुलांविषयी अजून कोणी बोललेले नाही.

आमच्याकडे येणारे पालक मुलासाठी पुस्तक मागतात ते बहुधा स्वतः लहानपणी वाचलेले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ताम्हनकरांचा गोट्या. ही पुस्तके मलाही प्राणप्रिय आहेत. फुरसुंगीचा तो किडकिडीत मुलगा तोंडाने ‘ट्टॉक्’ करतो तेव्हा आजही मुले हसतात. पण पालक हे पुस्तक मुलाच्या हातात देताना मुलाकडे पाहत नाहीत, स्वतःच्या बालपणाकडे पाहतात. मुलाने दोन पाने वाचून ते बाजूला ठेवले की त्यांना आपलाच कोणी अपमान केल्यासारखे वाटते. आमच्याकडे आलेल्या एका वडिलांनी तर मुलाच्या हातातले प्राण्यांवरचे नवे, सुरेख चित्रांचे पुस्तक काढून घेऊन परत कपाटात ठेवले, कारण ‘हे कोणी लिहिलंय ते मला माहीत नाही.’ मूल काही बोलले नाही. पुढच्या खेपेला ते कपाटापाशी गेलेच नाही, माझ्या टेबलाजवळच उभे राहिले.

2017 मध्ये फास्टर फेणेवर चित्रपट निघाला. त्यात फेणे शाळकरी राहिला नाही. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला. चित्रपट म्हणून तो नीट बांधलेला आहे. परंतु आपल्या सर्वांत लाडक्या मुलाला पडद्यावर आणताना त्याचे वय वाढवावे लागले, हे कोणासाठी? जुन्या वाचकांसाठी, म्हणजे आपल्यासाठी.

दुसरीकडे आज मराठीत मुलांसाठी जे लिहिले जाते, त्याची दखल घेणारे मोठे वाचक कुठे आहेत? माधुरी पुरंदरे यांच्यासारखी लेखिका मजकूर आणि चित्रे दोन्ही स्वतः करते, घरातल्या साध्या प्रसंगातून मुलाचा हेवा, भीती, हट्ट अचूक टिपते, आणि तरी त्यांचे नाव न ऐकलेले उत्तम वाचक मला भेटतात. मोठ्यांच्या कादंबरीवर जसे परीक्षण येते, वाद होतात, तसे मुलांच्या पुस्तकावर क्वचितच होते. अर्धविराम म्हणतात तसा न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण मुलांचे साहित्य मोठ्यांनी वाचलेच नाही तर त्यातले चांगले कोणते आणि टाकाऊ कोणते, हे ठरवणार कोण?

अर्धविराम

कोनाडा यांचा प्रतिसाद मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्यांनी मांडलेली उदासीनता आणि माझी उदासीनता एक नव्हे, हे मात्र नोंदवू इच्छितो. मी एका मालिकेविषयी उदासीन आहे. पुरंदरे यांची पुस्तके माझ्या घरी आहेत आणि मुलीला वाचून दाखवताना मला ती वाचावीशी वाटतात. उलट, ज्या मित्रांना पॉटरचे सातही भाग तोंडपाठ आहेत, त्यांच्यापैकी अनेकांनी गेल्या कित्येक वर्षांत मराठीतले मुलांचे एकही नवे पुस्तक उघडलेले नाही. म्हणजे फ्रँचायझीवरचे, एकाच कथेभोवती उभ्या केलेल्या पुस्तके-चित्रपटांच्या व्यवसायावरचे प्रेम हे बालसाहित्यावरचे प्रेम असतेच असे नाही.

पैलतीर यांच्या वेताळाला माझे उत्तर असे की ‘चांदोबा’ची चौकट चालू राहिली तरी गोष्ट दर महिन्याला संपत होती. प्रश्न विचारला जाई, राजा उत्तर देई, मौन मोडल्यामुळे वेताळ निसटे. मागचे अंक हरवले म्हणून कोणाचे काही अडत नव्हते, कोणताही अंक घ्यावा आणि पूर्ण गोष्ट मिळवावी. मार्व्हल पुढच्या भागाचे आमिष दाखवूनच आजचा भाग विकते, श्रेयनामावलीनंतरचे ते तुकडे त्यासाठीच असतात.

पैलतीर

चांदोबाविषयीचा फरक मला पटतो. तरीही पॉटरवर आपण मार्व्हलचा दोष लादत आहात, हे पुन्हा सांगतो. ती कथा सात भागांत, 2007 मध्ये संपली, आणि वाचणाऱ्यांना ती संपणार हे आधीपासून ठाऊक होते. त्यानंतर तिच्याभोवती जे उभे राहिले ते बाजाराचे, पण पुस्तके पूर्ण आहेत.

सांजवात यांनी चांगले-वाईट पहिल्याच प्रकरणात ठरते असे लिहिले, तेवढे तरी या मालिकेला लागू नाही. स्नेप हा शिक्षक पहिल्या भागात वाचकाला दुष्ट वाटतो. त्याची खरी बाजू सातव्या भागाच्या शेवटाकडे उघड होते, आणि ती कळल्यावरही त्याने मुलांना दिलेला त्रास पुसला जात नाही. हे मान्य करायला बारा वर्षांच्या वाचकाला जड जाते. माझ्या बरोबरीच्या अनेकांनाही ते जड गेले आहे, आणि त्याच्यावरून आमचे अजूनही वाद होतात. सांजवात यांनी तिसरा भाग तरी वाचून येथे लिहावे, अशी माझी विनंती आहे. ‘दिलासा’ हा शब्द त्यांना तेव्हाही योग्य वाटला, तर त्यावर मी सविस्तर उत्तर देईन.