पाटणला भास्कराचार्य जन्मले का यावरून भांडणं सोडा, घाण्यामागची पळी बघा

गिरणाकाठ :
मंडळी थोडं कडू बोलतो, शिव्या खायची तयारी ठेवूनच टाकतोय. चाळीसगावहून पाटणादेवीला गेलं की कोणी ना कोणी सांगतंच की भास्कराचार्य इथलेच, इथेच जन्मले, लीलावती हा गणिताचा ग्रंथ इथेच बसून लिहिला. मी पण बाहेरच्या पाहुण्यांना छाती फुगवून हेच सांगत आलो. पण आता माझं मत असं झालंय की जन्मगावाचा दावा आपण सोडून द्यावा. पाटणचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला, त्यात भास्कराचार्य इथे जन्मले असं कुठेही नाही. त्यात आहे ते असं की त्यांचा नातू चांगदेव, जो देवगिरीच्या सिंघण यादव राजाचा मुख्य ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे सिद्धांतशिरोमणी वगैरे गणित-ज्योतिषाचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, आणि त्या मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने दान दिलं. सन १२०७. आता सांगा, यापेक्षा मोठी गोष्ट कोणती पाहिजे? जन्म कुठेही होतो हो, त्यात गावाचं काय कर्तृत्व. पण गणित शिकवायला मठ काढणं आणि तो चालावा म्हणून बाजारातून पैसा आणि तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल लावून देणं हे गावाचं कर्तृत्व आहे. आपण नेमकं तेच सांगत नाही.

कळण्याची भाकर :
काबरं सोडायचा दावा?? भास्कराचार्यांनी ग्रंथात आपल्या घराण्याचं गाव विज्जडविड दिलंय, तर तिकडे विजापूरवाले बिनधास्त म्हणतात की विज्जडविड म्हणजे विजापूर, कोणी बीड म्हणतं, आणि आपणच आपल्या हाताने हक्क सोडून मोकळे. भास्कराचार्य स्वतः लिहितात "सह्यकुलाचलाश्रितपुरे", म्हणजे सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं गाव. विजापुरातून सह्याद्री दिसतो का भो? पाटण डोंगराच्या अगदी कुशीत आहे, मी दहा वेळा जायेल आहे, मागे कडा आणि पुढे गाव.

गिरणाकाठ :
भाऊ तो श्लोक पूर्ण वाचा ना. त्यात विज्जडविडला कोण राहायचं म्हटलंय तर महेश्वर, म्हणजे भास्कराचार्यांचे वडील. आणि डोंगराच्या कुशीतली गावं सह्याद्रीत काय एक दोन आहेत? अख्खा घाट भरलाय. पाटणचं नाव त्या श्लोकात नाही हे तरी मान्य करा.

शके १०३६ :
मधेच घुसतो. मजा अशी की गावाचा पत्ता लागत नाही पण जन्मवर्षाबद्दल भास्कराचार्यांनी काडीचीही शंका ठेवलेली नाही. "रसगुणपूर्णमही". शब्दांनी आकडे सांगायची ही जुनी रीत. रस ६, गुण ३, पूर्ण म्हणजे शून्य, मही १, उलटे वाचा, शके १०३६, म्हणजे सन १११४. पुढे म्हणतात रसगुण वर्षाचा असताना ग्रंथ लिहिला, म्हणजे ३६ व्या वर्षी, सन ११५०. जन्मवर्षाचं कोडं घालून ठेवणारा माणूस गावाचं नाव मात्र असं देतो की ९०० वर्षं लोक भांडताहेत.

तितूर :
मी कळण्याची भाकर यांच्या बाजूने, पण सह्याद्रीचा मुद्दा खरंच कच्चा आहे, त्याने केस जिंकत नाही. पक्का मुद्दा शिलालेखातच आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याच्याबद्दल लिहिलंय की हा सगळ्या शास्त्रांत दक्ष आहे असं जाणून यादव राजा जैत्रपालाने त्याला "पुरादतः" नेलं आणि पंडितांचा प्रमुख केलं. पुरात् अतः, या गावातून! लेख पाटणचा, म्हणजे मुलगा पाटणला राहात होता. आता बहाळ घ्या, तोही चाळीसगाव तालुक्यातच, गिरणेच्या काठी. तिथला शके ११४४ चा लेख, देवीचं देऊळ बांधणारा अनंतदेव, तो भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती याचा नातू. म्हणजे एका भावाचा नातू पाटणला आणि दुसऱ्या भावाचा नातू बहाळला, दोघेही सिंघणाच्या पदरी. एवढं सगळं खानदान एकाच तालुक्यात आणि म्हातारा तेवढा विजापूरचा? बसून हिशोब करा.

गिरणाकाठ :
हा मुद्दा जड आहे, मान्य. पण मुलगा इथे राहात होता यावरून बाप इथे जन्मला हे कसं काय निघतं? माझा मुलगा पुण्यात राहतो म्हणून मी पुण्याचा झालो का. जन्म १११४, लेख १२०७, मधे ९३ वर्षं आहेत, तेवढ्यात तीन पिढ्यांनी तीन गावं बदलली असतील. ज्योतिषी लोक, जिथे राजाश्रय तिथे घर.

तितूर :
पुणे आणि १२ वं शतक एक करू नका आप्पा. बरं नातवाला मठ काढायचाच होता तर देवगिरीला काढला असता, राजाजवळ राहून. पाटणलाच का काढला? घर असल्याशिवाय?

शके १०३६ :
वर कोणीतरी १२०७ लिहिलंय, त्यावर कोणी पकडायच्या आत मीच सांगतो. लेखात शके ११२८ आहे, ७८ मिळवले तर १२०६ येतात. पण संवत्सर, म्हणजे ६० वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव, प्रभव दिलाय आणि श्रावण पौर्णिमेचं चंद्रग्रहण दिलंय. प्रभव १९८७ ला आला होता, तिथून ६०-६० मागे जात राहा, १२०७ वर येऊन थांबाल. म्हणजे ज्योतिषाच्या मठाच्या लेखातच एका वर्षाचा घोळ 😀 खोदणाऱ्याचा असेल, चांगदेवाच्या माथी मारू नका.

खापरची पुरणपोळी :
तुमचं जन्मगाव चालू द्या, मला त्या लेखाचा शेवट जास्त आवडतो. वर संस्कृत आणि खाली एकदम मराठी. "इयां पाटणीं जें केणें उघटे...". केणें म्हणजे माल. या पाटणात जो माल विक्रीला उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळायचं ते मठाला "दीन्हला". तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल पण मठाला. म्हणजे देवाची, राजाची स्तुती संस्कृतात, आणि पैशाचा विषय आला की मराठीत, कारण तेल्याला आणि व्यापाऱ्याला ते कळलं पाहिजे ना! आणि दीन्हला वाचून मी हसलेच, आमची आजी अजूनही अहिराणीत दिन्हं, लिन्हं म्हणते.

कळण्याची भाकर :
ताई मग तर लेख अहिराणीतलाच झाला!

खापरची पुरणपोळी :
नाही हो, जुन्या मराठीत तसं रूप आहेच. लगेच पाटी लावू नका 🙏

केळीची वखार :
आणि लीलावती त्यांची मुलगी, वेळ मोजायच्या घटिकापात्रात मोती पडला, लग्नाचा मुहूर्त चुकला, म्हणून बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, ते तर पाटणलाच घडलं ना? आम्हाला शाळेत सांगितलंय.

गिरणाकाठ :
ती गोष्ट मूळ ग्रंथात नाहीच. ग्रंथात "बाले" अशी हाक आहे, "सखे" पण आहे, एवढंच. मोत्याची गोष्ट येते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ ला केलेल्या फारसी भाषांतरात, चारशे वर्षांनंतर. आणि गंमत बघा, हाच फैजी १५९१ ला अकबराचा दूत म्हणून बुऱ्हाणपूरला राजा अली खान फारुकीकडे आला होता. म्हणजे लीलावतीचा फारसी अनुवाद करणारा माणूस खानदेशात येऊन गेला, हे कोणी सांगत नाही आणि मोत्याची गोष्ट सगळे सांगतात.

तितूर :
फैजीचं माहीत नव्हतं, भारी. पण विषय बदलू नका आप्पा, पुरादतः चं उत्तर द्या.

गिरणाकाठ :
देतो. लक्ष्मीधराचं घर पाटणला होतं हे लेख सांगतो, तेवढं शंभर टक्के मानतो. भास्कराचार्य म्हातारपणी इथे असतील, करणकुतूहल त्यांनी ११८३ ला लिहिलं, तेव्हा वय ६९, तो ग्रंथ इथे लिहिला असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण "जन्मस्थान" हा शब्द मी तरी वापरणार नाही, "घरचं गाव" म्हणेन. आणि पाहुणा आला की आधी घाण्यामागची पळी सांगेन, मग भास्कराचार्य.

कळण्याची भाकर :
चालंल भो, तुम्ही घरचं गाव म्हणा. पण माझे साडू येताहेत पुढच्या महिन्यात, कर्नाटकातून, त्यांना मी जन्मगावच सांगणार.